शाळेचा खरा निकाल उशिरा लागतो

२०१९ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि महाराष्ट्रातल्या हजारो घरांत रडारड झाली. राज्याचा निकाल ७७.१० टक्के होता. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. अभ्यासक्रम नवा होता, हे एक कारण. मोठं कारण वेगळं होतं. भाषा आणि सामाजिक शास्त्रं या विषयांत शाळेच्या हाती असलेले वीस गुण त्या वर्षी काढून घेतले होते आणि शंभरच्या शंभर गुणांची लेखी परीक्षा घेतली होती. निकाल पडताच ओरड झाली. अकरावीच्या प्रवेशात केंद्रीय मंडळांची मुलं पुढे निघून जातील ही पालकांची भीती खोटी नव्हती. त्याच वर्षी सरकारने ते वीस गुण परत दिले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. करोनामुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपर झाला नाही, त्याचे गुण सरासरीने दिले गेले, हे खरं आहे. तरीही अठरा टक्क्यांची वाढ एका पेपरने होत नाही.

या तीन वर्षांत मुलांची बुद्धी घटली नव्हती की वाढली नव्हती. शिक्षक तेच होते, वर्ग तेच होते. मोजायची पट्टी तेवढी आखूड-लांब झाली होती. आणि याच पट्टीने आपण वर्षानुवर्षं ठरवत आलो आहोत की कोणती शाळा चांगली, कोणत्या मुख्याध्यापकांना शाल आणि श्रीफळ द्यायचं, कोणत्या शाळेच्या दारात पाचवीच्या प्रवेशासाठी रांग लावायची.

निकालाच्या संध्याकाळी चौकाचौकात फलक लागतात. 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम.' आमदार येतात, पतसंस्था बक्षिसं देतात, स्थानिक वर्तमानपत्र शंभर टक्क्यांच्या शाळांची यादी छापतं. ज्या शाळेचा निकाल खाली येतो, तिच्या मुख्याध्यापकांकडून खुलासा मागवला जातो. हा एक आकडा मान देतो, विद्यार्थी देतो, तुकड्या टिकवतो, देणग्या आणतो. आणि घसरला तर नोटीस आणतो. समाज ज्याला मान देतो त्याच्या मागे संस्था जातात. शाळा त्या आकड्याच्या मागे गेल्या, यात नवल नाही. पण त्या वाटेत कोण कोण तुडवलं गेलं हे विचारायची वेळ आता टळून चालली आहे.

शंभर टक्के कसे होतात, हे शाळेच्या आवारात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि त्याबद्दल मोठ्याने कुणी बोलत नाही. त्याची जागा नववीचा वर्ग ही आहे. खालच्या वर्गांत मूल वरवर सरकत येतं; नववीत शाळेला ते पहिल्यांदा मोकळेपणाने अडवता येतं. ज्याला इंग्रजीचा परिच्छेद वाचता येत नाही, ज्याला अपूर्णांकाची बेरीज जमत नाही, जो शेतीच्या हंगामात महिनाभर गैरहजर असतो, त्याच्या वडिलांना बोलावणं जातं. 'याला दहावी झेपायची नाही. दाखला घेऊन जा, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरा.' वडील मान डोलावतात, कारण समोर बसलेल्या सरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं असं त्यांना वाटतं. सतरा नंबरचा फॉर्म ही मुळात फार चांगली सोय आहे. शाळा सुटलेल्यांना, कामाला लागलेल्यांना, लग्न होऊन गेलेल्या मुलींना घरी अभ्यास करून परीक्षेला बसता यावं म्हणून ती केली. तिचा उपयोग शाळेत बसलेल्या मुलाला शाळेबाहेर काढण्यासाठी व्हावा, हे तिच्या हेतूच्या बरोबर उलटं आहे. खाजगीरीत्या बसणाऱ्यांचा निकाल नियमित विद्यार्थ्यांच्या टक्केवारीत धरला जात नाही. म्हणून ते मूल नापास झालं तरी शाळेचा आकडा शंभरच राहतो.

एखाद्या रुग्णालयाने अवघड रुग्ण दारातूनच परत पाठवावेत आणि आपल्याकडे कुणी दगावत नाही अशी पाटी लावावी, तर आपण त्या रुग्णालयाला पुरस्कार देऊ का? शाळेला मात्र देतो.

सगळ्या शाळा असं करतात, असं म्हणणं अन्यायाचं होईल. नववीतल्या कच्च्या पोरांना संध्याकाळी थांबवून, स्वतःच्या खिशातून वह्या आणून, त्यांच्याकडून पाढे आणि स्पेलिंग घोटून घेणारे शिक्षक या राज्यात कमी नाहीत. त्यांच्या शाळेत त्यातली दोन-चार पोरं दहावीला गणितात राहतात आणि शाळेचा निकाल पंच्याऐंशीवर येतो. म्हणजे ज्या शाळेने कुणालाही हाकललं नाही, तिच्याकडे खुलासा मागितला जातो आणि जिने हाकललं तिचा सत्कार होतो. मला या व्यवस्थेतली सगळ्यात दुखरी गोष्ट हीच वाटते. अप्रामाणिकपणाला बक्षीस मिळतं एवढ्यावर हे थांबत नाही. प्रामाणिक माणसाला त्याच्या प्रामाणिकपणाची लाज वाटायला लावली जाते.

आता जी मुलं शंभर टक्क्यांत मोजली गेली, त्यांच्या मागे जाऊ. धरा, तालुक्याच्या गावची एक मुलगी आहे. सेमी-इंग्रजीतून दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के. तिचा फोटो शाळेच्या फलकावर आला. विज्ञान शाखेतून बारावी झाली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बी.एस्सी.ला किंवा अभियांत्रिकीला गेली. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात येतं की इथे धडा संपल्यावर प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देत नाहीत. प्राध्यापक बोलत जातात; त्यातलं काय टिपायचं, काय सोडायचं हे तिने ठरवायचं असतं. पाठ्यपुस्तक म्हणून जे नाव सांगितलं, ते आठशे पानांचं इंग्रजी पुस्तक आहे आणि त्याचं गाइड नाही. तिने आजवर एकाही पुस्तकाचं एकही प्रकरण, कुणी आधी सोपं करून न देता, स्वतः वाचलेलं नाही. त्यात तिचा दोष नाही. दहा वर्षं तिला अपेक्षित प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं यांवर वाढवलं गेलं. परीक्षेत अनोळखी प्रश्न आला की तो 'अभ्यासक्रमाबाहेरचा' म्हणून वर्तमानपत्रात तक्रार करायची, हे तिने मोठ्या माणसांकडूनच पाहिलं.

मग सेमिस्टर सुरू होतं आणि संपतंही. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की जेमतेम तीन महिने हाती राहतात. जर्नल पूर्ण करायचं, सबमिशनच्या तारखा पाळायच्या, व्हायव्हाला समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून 'मला हे येतं, एवढं येत नाही' असं सांगायचं. यातलं काहीही तिला कुणी शिकवलेलं नाही. शंका विचारायची तर इंग्रजीतून विचारावी लागेल, या धास्तीने ती मागच्या बाकावर सरकते. दोन विषय राहतात. एटीकेटी लागते. पुढच्या वर्षी ते दोन आणि नवे दोन. मग एक दिवस गावात सांगितलं जातं की तिचं शिक्षणात मन लागत नव्हतं. ज्या शाळेने तिचा फोटो लावला होता, तिला यातलं काही कळत नाही, कारण विचारायची पद्धतच नाही.

शिक्षणाचा हा भाग, म्हणजे स्वतः वाचणं, टिपण काढणं, न कळलेलं कबूल करणं, मदत मागणं, महिन्याभराच्या कामाचं वेळापत्रक आखणं, हा घरात शिकलेल्या माणसांच्या मुलांना आपोआप मिळतो. वडील प्राध्यापक असतील, मावशी डॉक्टर असेल, तर जेवताना कानावर पडतो. ज्या घरात कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच मूल आहे, त्या घरासाठी हा शिकण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे शाळा. शाळेने तो शिकवला नाही तर मूल हुशार असूनही आयुष्यभर त्याची किंमत मोजतं.

आणि पैशाचं ज्ञानही यातच येतं. २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काची पूर्ण रक्कम भरायचं ठरवलं. मोठी गोष्ट आहे. पण ती रक्कम मिळायची तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आधारला जोडलेलं बँक खातं, हे सगळं वेळेत तयार लागतं. अकरावी-बारावीतच यातला एकेक कागद मुलांकडून तयार करून घेणारी शाळा आणि बारावीचा दाखला हाती ठेवून मोकळी होणारी शाळा, यांच्यातला फरक निकालपत्रावर दिसत नाही. मुलीच्या आयुष्यात तो फरक पदवी आणि अर्धवट सुटलेलं कॉलेज इतका मोठा ठरतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी गुंतला, कारण आपलं हायस्कूल बहुतेक ठिकाणी दहावीला संपतं. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात विचार करून सुचवलेला दहा-अधिक-दोन-अधिक-तीनचा आकृतिबंध आपण सत्तरच्या दशकात स्वीकारला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरच्या मातीतले, खेड्यातल्या शिक्षणाची नाडी ओळखणारे. मधली दोन वर्षं ही शाळेचा शेवट आणि उच्च शिक्षणाची तयारी अशी दुहेरी असणार होती. प्रत्यक्षात ती काही ठिकाणी शाळांना जोडली गेली, काही ठिकाणी महाविद्यालयांना, आणि बऱ्याच ठिकाणी ती बेवारस झाली. दहावीपर्यंतची शाळा म्हणते, पोरगं आमच्याकडून चांगलं गेलं. पदवीचं कॉलेज म्हणतं, पोरगं आमच्याकडे कच्चं आलं. मधल्या दोन वर्षांची जबाबदारी कुणी अंगावर घेत नाही.

या रिकाम्या जागेत खाजगी शिकवण्या आल्या. 'इंटिग्रेटेड' नावाखाली प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, ही सोय इतकी रुळली की २०१८ मध्ये राज्य सरकारला मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांत प्रत्येकी तीस गुण प्रात्यक्षिकांचे असतात. अनेक ठिकाणी हे तीस गुण जवळपास सर्वांना जवळपास पूर्ण मिळतात आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांवरची धूळ तशीच राहते. मग तीच मुलं पदवीच्या पहिल्या वर्षी ब्युरेट हातात धरताना थरथरतात.

शिकवण्यांची आणि सरावाची गोष्ट निघाली की लातूरचं नाव येतं; त्याच्याबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. नव्वदच्या दशकात मंडळाच्या गुणवत्ता याद्यांत राजर्षी शाहू आणि दयानंद या लातूरच्या महाविद्यालयांची नावं सातत्याने येऊ लागली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या बुद्धिमत्तेचा मक्ता मोडला. पाण्याचं दुर्भिक्ष असलेल्या, भूकंपाने हादरलेल्या भागातली मुलं शिस्तीच्या आणि सरावाच्या जोरावर डॉक्टर-इंजिनिअर होऊ शकतात हे त्या शहराने दाखवलं. तिथले शिक्षक वर्गात येत होते, सुट्टीच्या दिवशी शिकवत होते, चाचण्या घेऊन त्या तपासून परत देत होते. हे कमी नाही. माझा आक्षेप त्याच्या नकलेवर आहे. सराव तेवढा उचलला गेला, शिक्षकाचं वर्गात असणं मागे राहिलं. प्रवेश परीक्षेचा उंबरठा ओलांडणं हेच शेवटचं ठिकाण ठरलं. उंबरठ्याच्या आत गेल्यावर चार-पाच वर्षं रोज स्वतःच्या बळावर शिकायचं असतं, याची तयारी कुणाच्या हिशेबात राहिली नाही.

महाराष्ट्राला हा हिशेब नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात शिष्यवृत्त्यांबद्दल एक फार सूक्ष्म मुद्दा आहे. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणं वरवर न्याय्य दिसतं, पण त्याने शिक्षणापासून दूर राहिलेल्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, अशा आशयाचं त्यांनी मांडलं. म्हणजे जो आधीच पुढे आहे त्याला बक्षीस देऊन मागच्याला पुढे आणता येत नाही, हे त्यांना तेव्हाच स्वच्छ दिसलं होतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना आधार दिला, तो याच जाणिवेतून. शाळा आहे, फी माफ आहे, तरी खेड्यातलं पोर शहरात राहणार कुठे आणि खाणार काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढचं शिक्षण बोलण्यापुरतं राहतं. आणि भाऊराव पाटलांनी तर हिशेबच बदलून टाकला. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह उभं राहिलं, १९४७ मध्ये त्याच साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. भाऊरावअण्णांनी मूल शाळेत घेतलं आणि मॅट्रिकच्या गुणपत्रिकेवर त्याला सोडून दिलं, असं झालं नाही. त्या मुलाने सकाळी शेतात काम केलं, रात्री अभ्यास केला, पुढे कॉलेजची वेळ आली तर त्याच्यासाठी कॉलेजच काढलं गेलं. रयतेच्या वसतिगृहातले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि पुन्हा त्याच संस्थेत शिकवायला बसले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्या मुलाचं पुढे काय झालं हे अण्णांना ठाऊक असायचं. आज आपल्याला संगणक आहेत, बारा अंकी 'अपार' क्रमांक आहेत, 'सरल' या सरकारी प्रणालीवर प्रत्येक मुलाची नोंद आहे, आणि शाळा सोडलेल्या मुलाचं काय झालं ते कुणी विचारत नाही.

हे मोजता येतं का, असा प्रश्न येईल. अमेरिकेत मोजलं गेलं आहे. ह्यूस्टनमध्ये १९९४ साली गरीब वस्तीतल्या मुलांसाठी 'किप' नावाने सुरू झालेल्या शाळांचं पुढे देशभर जाळं झालं. त्यांच्या मुलांचे परीक्षेतले गुण नावाजले जात होते. २०११ मध्ये या संस्थेने स्वतःच्या जुन्या विद्यार्थ्यांचा शोध घेऊन अहवाल छापला: दहा किंवा अधिक वर्षांपूर्वी आठवी पूर्ण करून गेलेल्यांपैकी ३३ टक्क्यांनी चार वर्षांची पदवी मिळवली होती. अल्प उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांत तिथे हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे संस्थेचा आकडा चौपट. ढोल वाजवायला तो पुरेसा होता. पण त्यांनी तो अपुरा म्हणून जाहीर केला आणि सधन घरांतल्या मुलांइतकं प्रमाण गाठायचं ध्येय ठेवलं. कॉलेज निवडताना झालेल्या चुका, पैशाची ओढाताण, अनोळखी वातावरणातलं एकटेपण ही कारणं समोर आली, आणि कॉलेजात गेलेल्या मुलांना आधार देण्याचं काम वाढवलं गेलं. त्यांच्याही हिशेबात एक उणीव होती: आठवीच्या आधीच शाळा सोडून गेलेली मुलं त्यात नव्हती. आपण मोजायला बसू तेव्हा ही उणीव राहू द्यायची नाही.

शिकागोत तर प्रत्येक सरकारी हायस्कूलमधून किती मुलं कॉलेजात गेली, किती टिकली, किती पदवीधर झाली, हे शाळानिहाय खुलं आहे. तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांना २००६ च्या आणि नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं की एका दिवसाच्या प्रवेश परीक्षेतल्या गुणांपेक्षा हायस्कूलच्या चार वर्षांत वर्गात रोजच्या कामावर मिळालेले गुण, मूल पदवी पूर्ण करील की नाही याचा जास्त खरा अंदाज देतात. हे वाचून आपला वाचक थबकेल. शिक्षकाने दिलेले गुण तिथे विश्वासाचे आणि आपल्याकडचे वीस गुण फुगवलेले, असं कसं? फरक माणसांच्या स्वभावात नाही. तिथले गुण आठवड्यामागून आठवडा, अनेक शिक्षकांनी, केलेल्या कामावर दिलेले असतात. आपले वीस गुण एका दुपारी, वहीचं कव्हर पाहून, आणि निकालावर डोळा ठेवून दिले जातात. शिक्षकाच्या गुणांवर शाळेचा मान टांगला की ते गुण खरे राहत नाहीत. शाळेचा मान दुसरीकडे हलवला, तर तेच शिक्षक उद्या खरे गुण देतील, असा माझा विश्वास आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: शाळेला मान द्यायचा तर तिची मुलं पुढच्या शिक्षणात टिकली का, यावर द्या. मोजणी नववीत दाखल झालेल्या सगळ्या मुलांपासून करा, दहावीला बसलेल्यांपासून नको. त्यातली किती जण बारावीपर्यंत पोचली, किती जण आयटीआय, पदविका, पदवी यांपैकी कशात तरी गेली, आणि दुसऱ्या वर्षात किती जण उरली, एवढं पाहा. आयटीआयला गेलेलं मूल कॉलेजला गेलेल्या मुलाइतकंच मोजलं पाहिजे. वेल्डिंग शिकायलाही आकृती वाचावी लागते आणि स्वतःचं काम स्वतः तपासावं लागतं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक १९९४ पासून आहे आणि तिच्या निकषांत विद्यार्थी पुढे कुठे गेले याला जागा आहे. शाळांसाठी २०२४ मध्ये झालेल्या 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' या अभियानात राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस होतं, पण भर आवारावर आणि आवारातल्या उपक्रमांवर होता. परसबाग फुलली पाहिजे, भिंती बोलक्या झाल्या पाहिजेत, त्याला माझी ना नाही. आवाराबाहेर गेलेल्या मुलालाही अशा अभियानाच्या गुणांत वाटा मिळाला पाहिजे.

याने एक नवी शर्यत सुरू होईल, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. सधन वस्तीतल्या शाळेची मुलं घरच्या बळावर टिकतील आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा पुन्हा यादीच्या तळाला जाईल. त्यामुळे राज्यभराची क्रमवारी मुळीच लावू नये. सारख्या परिस्थितीतल्या शाळा एकमेकींशेजारी ठेवाव्यात, आणि त्याहून बरं, प्रत्येक शाळेची तुलना तिच्याच तीन वर्षांपूर्वीच्या स्थितीशी करावी. मुलांची नावं, जाती, घरची परिस्थिती यातलं काहीही बाहेर जाऊ नये. बाहेर जावा तो एकत्रित आकडा. आणि हा आकडा कमी आला म्हणून कुणाचं अनुदान अडवू नये, कुणाला नोटीस देऊ नये. शिक्षा जोडली की आकडा पुन्हा खोटा होईल.

शाळेवर सगळा भार टाकणंही योग्य नाही. अंशतः अनुदानावर वर्षानुवर्षं अडकलेला शिक्षक, विज्ञानाच्या रिक्त जागा, निवडणुकीची आणि मतदार यादीची कामं, तुटपुंजं वेतनेतर अनुदान, हे सगळं तसंच ठेवून 'मुलं टिकवा' म्हणणं निर्दयपणाचं आहे. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पण कॉलेज सुटायच्या वेळेला गाडीच नसेल तर तो पास कपाटात राहतो आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. पदवीच्या महाविद्यालयांनाही हात झटकता येणार नाहीत. पहिल्या सेमिस्टरला मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी पारिभाषिक शब्द समजावून देणारे तास ठेवणं, ग्रंथालयात पुस्तक कसं शोधायचं हे हात धरून दाखवणं, यासाठी कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहायला नको. देशात अठरा ते तेवीस वयाच्या तरुणांच्या संख्येशी उच्च शिक्षणातल्या नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्केच होतं, असं २०२१-२२ चं अखिल भारतीय सर्वेक्षण सांगतं, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं आहे. ते जिथून वाढणार आहे ती मुलं बहुतेक अशाच घरांतली असतील, जिथे कॉलेज हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला जातो.

सरकारने निकष बदलायला वेळ लागेल. शाळेला त्यासाठी थांबायचं कारण नाही. प्रत्येक शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर असतं. त्यात दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, तारीख आणि शाळा सोडल्याचं कारण शाईने लिहिलेलं असतं. या दिवाळीच्या सुट्टीआधी लिपिकांनी पाच वर्षांपूर्वी नववीत असलेल्या मुलांची यादी त्यातून उतरवून द्यावी. दाखला घेऊन गेलेली, सतरा नंबरला पाठवलेली, लग्न झालेली, सगळी नावं तीत असू द्यावीत. वर्गशिक्षकांनी ती वाटून घ्यावीत, फोन करावेत, फोन लागला नाही तर भाऊबीजेच्या आसपास मूल गावी येतं तेव्हा घरी जावं. तीन प्रश्न पुरेत: सध्या काय शिकतोस, कुठे अडलास, आणि शाळेत काय शिकवलं असतं तर अडला नसतास. उत्तरं एका वहीत उतरवून जानेवारीच्या शिक्षक सभेत वाचावीत, पालक-शिक्षक संघाला ऐकवावीत, आणि जूनमध्ये नववीचं नवं वेळापत्रक आखायला बसताना ती वही टेबलावर उघडी ठेवावी.